चालू गाडी "चावी नाही, स्टार्ट होत नाही" म्हणून लिलावात विकल्याबद्दल तक्रार

प्रति, कस्टमर सपोर्ट विभाग

विषय: दान दिलेली 2005 ची लेक्सस एलएस 430, चुकीच्या नोंदीमुळे 475 डॉलरला विकली गेल्याबाबत

नमस्कार,

मराठीत लिहितोय कारण तुमच्या सपोर्टला फोन केला की तो पुण्यात लागतो आणि शेवटच्या वेळी जी मुलगी बोलली तिनेच सांगितलं की काका मराठीत सविस्तर लिहा, मी वरच्या टीमला समजावून सांगते. तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही, उलट पूर्ण ऐकून घेणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांनी एकच छापील उत्तर पाठवलंय, त्यावर खाली बोलतोच.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. गाडी माझ्याकडे बरीच वर्षं होती, 4.3 लिटरचं व्ही8 इंजिन, 1 लाख 68 हजार मैल झालेले, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदललेला, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवून दिल्या होत्या. पुढच्या बंपरवर ओरखडे आणि ड्रायव्हर सीटचं लेदर फाटलेलं, बास, एवढंच. नवीन गाडी घेताना डीलर ट्रेड-इनमध्ये, म्हणजे जुनी गाडी त्यालाच देऊन, 3,200 डॉलर देत होता. ते नाही घेतले कारण बायकोच्या मनात होतं की दृष्टिहीन लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावी. त्या संस्थेच्या साइटवर "गाडी दान करा" दाबलं की तुमचाच फॉर्म उघडतो, म्हणजे संस्थेच्या वतीने गाडी उचलणं, विकणं, पैसे पोचवणं हे सगळं तुमचं काम.

टो ट्रक आला त्या दिवशी गाडी मी स्वतः चालू करून ड्राइव्हवेमधून रस्त्यावर आणून दिली. दोन्ही चाव्या ड्रायव्हरच्या हातात दिल्या, टायटलच्या (गाडीच्या मालकीच्या कागदाच्या) मागे सही केली. नंबर प्लेट काढून घेतल्या, त्या नंतर एमव्हीसीला (राज्याच्या मोटार वाहन कार्यालयाला) जमा केल्या आणि मगच इन्शुरन्स बंद केला, न्यू जर्सीत हाच क्रम लागतो आणि तुमच्या ईमेलमध्ये तेवढं मात्र बरोबर लिहिलं होतं. ड्रायव्हरने फोनवर फोटो काढले आणि तुमच्याकडून पिकअप रिपोर्ट ईमेलने आला. तो जोडलाय. त्यातला डॅशबोर्डचा फोटो जरा मोठा करून बघा. काटे पेटलेले आहेत, मैल दिसताहेत, शून्याच्या वर आरपीएम आहे. या गाडीचा डॅशबोर्ड बंद असताना पूर्ण काळा असतो, चावी फिरवल्याशिवाय त्यात काहीही दिसत नाही. आणि इंजिन चालू नसताना आरपीएमचा काटा वर कसा जाईल?

आता लिलावाची नोंद बघा, तीही जोडलीय, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून नेटवर सापडली. त्यात लिहिलंय चावी: नाही. स्थिती: स्टार्ट होत नाही. म्हणजे माझ्या दारातून निघालेल्या दोन चाव्या टो ट्रक आणि लिलावाचं यार्ड यांच्या मधे कुठेतरी गेल्या, आणि यार्डात कोणी शोधायची तसदी न घेता रकाना भरून टाकला. तुम्हाला हे क्षुल्लक वाटत असेल पण लिलावात गाडीचा भाव याच दोन रकान्यांवर ठरतो हो. इमोबिलायझर असलेली गाडी, म्हणजे तिच्या चिपवाल्या चावीशिवाय सुरूच न होणारी, चावी नाही म्हटल्यावर नवीन चावी बनवून प्रोग्रॅम करायचा खर्च, वर इंजिन बिघडलंय का माहीत नाही, मग वापरायला गाडी घेणारा डीलर तिकडे फिरकतच नाही. उरतात भंगारवाले. 475 डॉलरला ज्याने घेतली त्याचे अर्धे पैसे नुसत्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधूनच (धूर साफ करणारा महागडा भाग) सुटले असतील असा माझा अंदाज आहे.

आता ते छापील उत्तर. "सर, काळजी करू नका, गाडी 500 पेक्षा कमीला गेली तरी तुम्ही 500 डॉलरपर्यंत डिडक्शन घेऊ शकता." अहो मी हे विचारलंच नव्हतं. नियम मला माहीत आहे, आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) पब्लिकेशन 4303 मध्ये सगळं दिलंय. 2005 पासून संस्था गाडी विकून टाकणार असेल तर देणाऱ्याला विक्रीच्या रकमेएवढीच वजावट मिळते, ब्लू बुकची (जुन्या गाड्यांच्या भावांच्या यादीतली) किंमत नाही, आणि विक्री 500 च्या आत असेल तर 500 किंवा बाजारभाव यातलं जे कमी असेल ते. (जाता जाता, तुमच्या जाहिरातीत अजून "जास्तीत जास्त टॅक्स सूट" असं ठळक अक्षरात आहे ते काढा, साध्या माणसांना वाटतं पूर्ण बाजारभाव मिळणार.) शिवाय आम्ही स्टँडर्ड डिडक्शन घेतो, म्हणजे दान वगैरे वेगळं न दाखवता सरसकट ठराविक वजावट, 2025 साठी नवरा-बायकोला मिळून ते 31,500 डॉलर आहे, त्यामुळे या गाडीवर मला टॅक्समध्ये एक सेंटही सुटणार नाही. ते 500 माझ्या काही कामाचे नाहीत.

माझं म्हणणं संस्थेच्या पैशांबद्दल आहे. तुमच्या करारात "खर्च वजा जाता 70 टक्के संस्थेला" असं लिहिलंय. 475 मधून टोइंग, लिलावाची फी, टायटलचा खर्च काढल्यावर राहिलं किती आणि त्याचे 70 टक्के किती झाले? हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला आणि प्रत्येक वेळी 500 डॉलरचंच पुराण ऐकलं. संस्थेत फोन केला तर त्या बिचाऱ्या बाई म्हणाल्या आम्हाला महिन्याची एकत्र रक्कम येते, गाडीनुसार हिशोब येत नाही. म्हणजे तुमच्या हातून चाव्या हरवल्या, भाव पडला, तुमचा टोइंगचा खर्च पूर्ण वसूल झाला, आणि नुकसान कोणाचं झालं तर ज्यांच्यासाठी गाडी दिली त्यांचं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही!

मला या गाडीचा सेटलमेंटचा कागद हवाय, विक्री, प्रत्येक खर्च आणि संस्थेला गेलेली रक्कम वेगवेगळी दाखवणारा. टो ड्रायव्हरने यार्डात गाडी सोपवताना सही घेतली असेलच, त्या पावतीवर चाव्यांचं काय लिहिलंय तेही पाठवा. आणि चाव्या तुमच्या माणसांकडून गेल्या असतील तर भावातला फरक तुम्ही संस्थेला भरा, मला नको. डीलरची 3,200 ची लेखी ऑफर जोडलीय, हिशोब तिथून सुरू करू.

महिनाअखेरपर्यंत हे आलं नाही तर सगळी कागदपत्रं न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे पाठवणार आहे, धर्मादाय संस्थांची नोंदणीही तेच बघतात. एक प्रत संस्थेच्या बोर्डालाही जाईल, त्यांनी तुमच्याशी करार चालू ठेवायचा का ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

उत्तर ईमेलवरच द्या, फोन नको. फोनवर कबूल केलेलं पुढच्या वेळी तुमच्याकडे कोणाच्याच नोंदीत नसतं.

आपला,
(सही)
एडिसन, न्यू जर्सी

सोबत: पिकअप रिपोर्ट व फोटो, लिलावाच्या नोंदीचा स्क्रीनशॉट, डीलरची ऑफर, प्लेट जमा केल्याची पावती