आइसलँडमध्ये घेतलेल्या गाडीच्या काचेपोटी कापलेली रक्कम परत मिळण्याबाबत

दिनांक : 21 ऑक्टोबर 2024
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही आइसलँडसाठी 12 ते 18 सप्टेंबर अशी भाड्याची गाडी ठरवली होती. गाडी परत केल्यावर सहाव्या दिवशी माझ्या क्रेडिट कार्डावरून 1,35,000 क्रोना, म्हणजे सुमारे 82,000 रुपये, पुढची काच बदलल्याचे म्हणून परस्पर कापले गेले. काचेवरचा तो टवका गाडी आमच्या ताब्यात आली तेव्हाच होता. त्याचा फोटो मी आपल्याला दोनदा पाठवला आहे.

12 तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही केफ्लाविक विमानतळाजवळच्या, गाडी देणाऱ्या स्थानिक कंपनीच्या कार्यालयात पोहोचलो. पाऊस भुरभुरत होता, मागे बरीच रांग होती आणि कर्मचारी टॅबवर सही करायची घाई करत होता. मी बावीस वर्षं गाडी चालवते. गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय मी किल्ली घेत नाही. वायपर एकदा फिरवला तेव्हा शेजारच्या सीटसमोर, म्हणजे तिथल्या गाडीत उजवीकडे, काचेच्या खालच्या बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका उडालेला दिसला. आकार कळावा म्हणून मी बाजूला रुपयाचं नाणं धरून फोटो काढला. त्यावर 7 वाजून 12 मिनिटं ही वेळ आहे. कर्मचाऱ्याला बोलावून दाखवलं, तेव्हा त्याने कागदावरच्या गाडीच्या चित्रात पेनाने फुली मारून तो कागद आम्हाला दिला. टॅबवरच्या नोंदीत मात्र ही फुली चढवलीच नाही, आणि आज आपण त्याच नोंदीवर बोट ठेवताय.

13 ऑक्टोबरच्या, म्हणजे पैसे कापल्यावर एकोणीस दिवसांनी आलेल्या, आपल्या ईमेलमध्ये ‘खडीच्या रस्त्यावर निष्काळजीपणे चालवल्यामुळे’ असं लिहिलंय. पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. आम्ही एक क्रमांकाचा हमरस्ता धरून हॉफन या गावापर्यंत गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. डोंगरातल्या ‘एफ’ रस्त्यांवर साध्या गाडीला बंदी असते, तिकडे आम्ही फिरकलोसुद्धा नाही. एकेरी पुलांवर समोरच्याला आधी जाऊ दिलं. तिथे वाऱ्याने दार उलटं फिरून मोडतं, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी धरून उघडलं. 15 तारखेला हवामान खात्याने वाऱ्याचा पिवळा इशारा दिला, तेव्हा आम्ही वाटेतल्या वीक या गावीच थांबलो. पुढच्या मिर्दाल्ससांदुरच्या काळ्या मैदानात वाऱ्याने उडालेली वाळू गाडीचा रंग खरवडून काढते, हे आम्ही वाचलं होतं. हॉफनच्या खोलीचे एका रात्रीचे पैसे बुडाले, पण दुसऱ्याची गाडी त्या वाऱ्यात घातली नाही. आमच्याबद्दल ‘निष्काळजी’ हा शब्द आपण लेखी मागे घ्यावा.

आता विम्याबद्दल. पैसे भरण्याआधी मी आपल्या मुंबईच्या क्रमांकावर फोन केला होता. आपल्या प्रतिनिधीने मराठीतूनच सांगितलं, “मॅडम, फुल प्रोटेक्शन घेतलंत की तिकडे तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही.” त्या शब्दावर मी 9,400 रुपये जास्तीचे भरले. काच, टायर, गाडीचा खालचा भाग आणि वाळू-राखेने होणारं नुकसान यात धरलेलंच नाही, हे तिथल्या काउंटरवर उभं राहिल्यावर कळलं. तिथे खडीचं आणि वाळूचं संरक्षण वेगवेगळं विकतात. आधीच पैसे भरलेत या समजुतीने आम्ही ते घेतलं नाही. आइसलँडमध्ये समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालून खडा उडून काच फुटणं ही रोजची गोष्ट आहे. तिथे काच वगळलेल्या विम्याला ‘फुल’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉल रेकॉर्ड होतो असं आपणच सुरुवातीला ऐकवता. ते रेकॉर्डिंग काढून ऐकावं आणि मलाही पाठवावं.

काच खरोखर बदलली का, हेही मला ठाऊक नाही. एवढासा टवका पुष्कळदा रेझिन भरून बुजवता येतो. गॅरेजचं बिल आणि गाडी परत घेताना काढलेला काचेचा फोटो मी मागितला होता, दोन्ही आलेलं नाही. ‘स्थानिक कंपनीला विचारा’ हे उत्तर मला मान्य नाही. पैसे आपण घेतलेत, पावती आपल्या नावाची आहे.

कापलेली संपूर्ण रक्कम आणि विम्याचे 9,400 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. तसं न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

आणखी एक. माझ्या सांगण्यावरून माझ्या धाकट्या बहिणीने जानेवारीसाठी न्यूझीलंडची गाडी आपल्याकडेच ठरवली आहे, याच ‘फुल प्रोटेक्शन’सह. तिला त्यात काय धरलंय आणि काय नाही, ते मराठीत, लेखी, ती निघायच्या आत कळवा.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : टवक्याचा फोटो, फुली मारलेल्या कागदाची प्रत, विम्याची पावती, कार्डाचं स्टेटमेंट