परक्या ठिकाणी आजारी पडलेल्या मुलीस

चि. ईशा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुला ताप आला होता हे मला समीरकडून कळले, आणि तेही तू बरी होऊन पुन्हा वर्गात जाऊ लागल्यावर. काल फोनवर त्याविषयी एक शब्दही काढायचा नाही असे मी ठरवले होते. पण तुझा खोल गेलेला आवाज ऐकला आणि ठरवलेले राहून गेले. तू म्हणालीस, "आई, इथे सगळे आपापल्या कामात असतात, उगाच कोणाला त्रास कशाला द्यायचा?" त्यावर मी काहीच बोलले नाही, कारण बाबा शेजारी बसले होते आणि त्यांच्यासमोर मला रडायचे नव्हते. जे बोलायचे होते ते आता लिहिते आहे.

नव्या जागी गेलेल्या माणसाची भाषा अडखळते, रस्ते चुकतात, हे सगळ्यांना दिसते. मात्र आपल्याला इथे काही मागण्याचा हक्क आहे ही जाणीवही हळूहळू नाहीशी होते, ती कोणाच्या लक्षात येत नाही. आपण दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या वेळापत्रकात राहतो आहोत असे मनात इतके घट्ट बसते की खिडकी नीट लागत नाही एवढे सांगायलाही संकोच वाटतो. मग माणूस कमी जागा व्यापू लागतो आणि त्यालाच शहाणपण समजतो. तुझ्या त्या वाक्यात मला हे सगळे ऐकू आले.

तू दुसरीत असताना बाबांची बदली झाली, ते वर्ष तुला आठवते का? वर्गात कोणालाच आपली भाषा येत नव्हती आणि तुला त्यांची येत नव्हती. एके दिवशी तू शाळेतून आलीस ती सरळ आजीच्या ट्रंकेवर जाऊन बसलीस. हात लावला तर अंग भाजत होते. सकाळपासून ताप होता आणि दिवसभर तू बाकावर डोके टेकून बसली होतीस, कारण ताप आला आहे हे बाईंना कसे सांगायचे ते तुला माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच भाषेत कविता म्हणून तू पहिली आलीस, तेव्हा टाळ्या वाजवताना माझे हात थांबत नव्हते. आजही तुझे कौतुक करायला निघाले की मला ती कविता आठवते, आणि तिच्या मागोमाग तो बाक आठवतो. आता तू आहेस तिथली भाषा तर तुला येते, ईशा. तरीही तू सांगितले नाहीस.

मी हा विषय इतकी वर्षे शिकवला, म्हणून दोन गोष्टी सांगते. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 साली परमुलखात राहणाऱ्यांच्या मनःस्थितीवर एक लेख लिहिला. ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो, असे त्याचे म्हणणे. कोणाशी कधी हात मिळवायचा, आमंत्रण केव्हा स्वीकारायचे, कोणाचे बोलणे मनावर घ्यायचे, हे घरी आपण विचार न करता करतो. तिथे प्रत्येक वेळी विचार करावा लागतो, म्हणून विशेष काही न करताही संध्याकाळी डोके जड होते. सुरुवातीचे काही आठवडे सगळे छान वाटते, नंतर तिथल्या माणसांचा राग येऊ लागतो, आणि त्या काळात लोक आपल्याच देशबांधवांत बसून यजमानांना नावे ठेवण्यात समाधान मानतात, असेही त्याने लिहिले आहे. तुझ्या गेल्या काही फोनमधून मला तो राग जाणवतो. तो येणारच, मात्र त्यात मुक्काम करू नकोस. भाषा रोज थोडी बोल, चुकीची बोल, तिथल्या एका तरी माणसाचे नाव आणि त्याच्या घरची खुशाली तुला माहीत असू दे, आणि आजारी पडलीस तर

पाहा, मी पुन्हा शिकवू लागले आणि पुन्हा तिथेच आले. क्षमा कर. तू आता माझ्या वर्गात नाहीस, आणि तिथले जे रोज सोसते आहेस ते मी पुस्तकातच वाचले आहे.

दुसरी गोष्ट सांगावी की नाही, याचा मी रात्री बराच विचार केला. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीला रोग मानून त्यावर प्रबंध लिहिला. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकीकत आहे. तो ताप आणि खिन्नतेने खंगत गेला आणि घरी न्यायला निघाल्यावर वाटेतच सुधारू लागला. या दोन शहरांत शंभरेक किलोमीटरचेच अंतर! आजचे डॉक्टर असे निदान करणार नाहीत हे मला कळते, आणि तुझा ताप हा साधा तापच होता हेही कळते. तरी ती हकीकत आठवली आणि पहिला विचार आला तो तुला परत बोलवावे असा. तो मी बाबांनाही सांगितला नाही. तुला सांगते आहे, कारण मी भीत नाही असे तुला वाटू नये. आणि बोलावत नाही, कारण तिथे जाण्यासाठी तू किती कष्ट केलेस ते मी पाहिले आहे.

त्यापेक्षा आनंदीबाई जोशींकडे पाहा. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या असताना एका मासिकात आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र वाचले आणि आपण होऊन पत्रव्यवहार सुरू केला. 1883 साली आनंदीबाई पतीशिवाय अमेरिकेला गेल्या त्या याच बाईंच्या घरी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाची थंडी त्यांना सोसली नाही, तेव्हा कॉलेजच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. त्यांचा शेवट आठवून माझ्या पोटात गोळा येतो, हे लपवत नाही. पण हे सगळे नाते एका अनोळखी बाईने दुसरीची गरज वाचली, एवढ्यावरून जुळले. गरज छापून आली नसती तर कार्पेंटरबाईंना कळली कशी असती? तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही तू चार दिवस तापाने पडून होतीस हे कळले असते, तर त्यांना तो त्रास वाटलाच असता असे तू आधीच कसे ठरवलेस? मदतीची संधी तू त्यांना दिलीच नाहीस. अण्णांच्या वेळी आपल्या दारी कोण कोण आले होते ते आठव; त्यांतल्या निम्म्यांना आपण त्यापूर्वी ओळखतही नव्हतो.

रागावले आहे असे समजू नकोस. काकू कोणालाही तुझ्याविषयी सांगते तेव्हा "आमची ईशा एकटी राहते तिकडे" असे म्हणते. त्यातला 'एकटी' हा शब्द तिला अभिमानाचा वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे. परवापासून मात्र तो ऐकला की मी उठून आत जाते.

आता कामाचे. विम्याच्या कागदांची एक प्रत मला पाठव. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर कुठे फोन करायचा ते एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव, कारण तापात फोनमध्ये शोधायला सुचत नाही. त्या खालच्या बाईंना या रविवारी भेट, नाव विचार, आणि आजारी पडले तर तुम्हाला हाक मारली तर चालेल का, एवढेच विचार. त्या नाही म्हणाल्या तर दुसऱ्या कोणाला विचार. बाबांनी हे पत्र वाचलेले नाही. त्यांना त्या बाईंचा नंबर तेवढा हवा आहे, तो मिळाला की लगेच कळव.

तुझी,
आई