टोकन देण्याआधी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, तुम्ही घेऊ म्हणताय त्या जुन्या मोटरहोमचे, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीचे, पाठवलेले सगळे फोटो नीट पाहिले. चौदापैकी बारा आतले आहेत. सोफा, पलंग, ओटा, पडदे. टपाचा एकही नाही, खालच्या चेसिसचा, म्हणजे सांगाड्याचा, एकही नाही आणि आरसीचाही नाही. जुन्या मोटरहोममध्ये पैसे बुडतात ते याच तीन ठिकाणी. म्हणून टोकन अजून देऊ नका, दहा हजारांचंसुद्धा नाही. डीलर म्हणेल, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. येऊ दे.

आधी कागद. गाडीचा नंबर केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकलात की गाडीचा वर्ग, फिटनेस, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. वर्गाच्या ओळीत मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असंच लिहिलेलं पाहिजे. अशा कितीतरी ट्रॅव्हलर मिनीबस मुळात टुरिस्ट गाड्या, शाळेच्या बस किंवा अँब्युलन्स असतात. सीट काढून आत पलंग-ओटा बसवतात आणि आरसी तशीच राहते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही. आरसीवर बारा सीट आणि आत दोन पलंग असले, तर रस्त्यात दंड होईलच, पण खरा फटका अपघातानंतर बसतो. विमा कंपनी क्लेम नाकारताना पहिलं बोट तिथंच ठेवते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्याप्रमाणे गाडी मंजूर आहे का, एवढा एक प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा. ‘नाव चढल्यावर करून देतो’ असं म्हणाले, तर ती गाडी तिथंच सोडून द्या.

नंबरप्लेट पिवळी असेल तर गाडी व्यावसायिक आहे. तिला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस लागतो. खासगीत बदलून घ्यायची, तर ते डीलरनं विक्रीआधी करायचं.

बेळगाव पासिंगमुळे आणखी एक खर्च येतो, जो किमतीत कुणी बोलत नाही. बेळगाव आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आल्याशिवाय एमएच-०९, म्हणजे आपला कोल्हापूरचा नंबर मिळत नाही. महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो. कर्नाटकात भरलेल्यातला उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज करून वाट बघावी लागते. हा टॅक्स कोण भरणार ते सौदापत्रात लिहून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जायचं नाही. चेसिस नंबर आरसीशी आकड्याला आकडा जुळवा आणि कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या. नंबराभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा तेवढाच ताजा रंग दिसला, तर बोलणी थांबवा.

आता पाणी. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. इंजिन दुरुस्त होतं. कुजलेलं घर मात्र उपसून नवीन करावं लागतं. टपावर एसीसाठी, हवेच्या खिडकीसाठी आणि सोलरच्या पट्ट्यांसाठी भोकं पाडलेली असतात, आणि कडेनं सिलिकॉन भरलेलं असतं. उन्हानं पत्रा आणि फायबर वेगवेगळे फुगतात, गाडी खड्ड्यात पिळवटते आणि सिलिकॉन केसाएवढं सुटतं. तेवढं पुरतं. गगनबावड्याच्या एका पावसात पाणी आत जातं आणि प्लायच्या थरात बसून राहतं. वरचा सनमायका वर्षभर चकाचक दिसतो. आत प्लाय फुगतो, स्क्रूची पकड जाते आणि मग एखाद्या घाटात डोक्यावरचं कपाट खाली येतं.

ते ओळखायचं असं. डीलरला सांगा, गाडी दुपारभर उन्हात सगळ्या खिडक्या लावून ठेवा. दार उघडल्या उघडल्या पहिला श्वास घ्या. आई, हे काम तुझं. पावसाळ्यात बंद कपाटातल्या गोधडीला येतो तसला वास आला, तर ओल आहे. अत्तराचा किंवा रूम फ्रेशनरचा भपका आला, तरी तेच समज. मग खिडकीखालचे कोपरे, पलंगाखालच्या पेट्यांचा तळ, न्हाणीच्या दाराचा उंबरा आणि मागच्या दाराजवळची फरशी अंगठ्यानं जोरात दाबायची. चांगला प्लाय हलत नाही. कुजलेला ओल्या खोक्यासारखा दबतो आणि अंगठा काढला की हळू वर येतो. एकाच कोपऱ्याला नवीन रेक्झिन किंवा नवा वॉलपेपर दिसला, तर तो काढून दाखवायला सांगा. प्लायच्या कडेला आयएस ७१० चा शिक्का असेल तर मरीन प्लाय वापरलाय. आयएस ३०३ असेल तर साधा, तो मरीनइतकी ओल सोसत नाही. शेवटी वीस मिनिटं होजपाईप मारायचा, खालून सुरुवात करून वर टपापर्यंत जायचं. आधी वरून मारलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आत एकानं टॉर्च घेऊन बसायचं. ओल मोजायचा मॉइश्चर मीटर माझ्याकडे आहे, तो घेऊन येते.

टाकीचं पाणीही बघा. सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवा. पंप दाब भरून गप्प बसला पाहिजे. कुणी नळ न उघडता दर दोन-चार मिनिटांनी टुर्र वाजला, तर कुठंतरी गळतंय, आणि ते सहसा पलंगाखालच्या जोडात असतं.

बाबा, दोन गोष्टी डीलर सांगणार नाही, कारण त्या त्याच्या नाहीत, तुमच्या गुडघ्याच्या आहेत. जमिनीपासून पहिल्या पायरीची उंची टेपनं मोजा. घरच्या जिन्यापेक्षा फार जास्त असेल तर सरकती पायरी आणि खांद्याच्या उंचीला पकडायला दांडी लागेल. ती उद्यमनगरात हवी तशी बनवून मिळते, पण बसवायला दाराजवळ लोखंडी चौकट आहे का ते बघावं लागेल. नुसत्या प्लायवर बसवलेली दांडी एक दिवस हातात येते. पलंगावर तुम्ही दोघं पंधरा मिनिटं झोपून बघा, कूस बदला, मग रात्रीच्या अंधारात उठल्यासारखं उठून न्हाणीपर्यंत जा. कमोडवर बसून दार लावा आणि उठा. संकोच करू नका, वापरणार तुम्हीच आहात. कमोडची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, साधारण वीस लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. भरल्यावर वीस किलोची होते आणि ती वाकून ओढावी लागते. बाबांच्या कमरेला ते झेपेल का, हा विचार आत्ताच करा.

आईचं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे, म्हणून फ्रिज कॉम्प्रेसरवाला आणि थेट १२ व्होल्टवर चालणारा हवा. घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर टाकलेला असेल तर इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवावा लागतो आणि पहाटेपर्यंत बॅटरी बसते. आदल्या रात्री बाहेरची वीज काढून फ्रिज नुसत्या बॅटरीवर ठेवायला सांगा, आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळी आकडा बघा.

‘एसी बॅटरीवर रात्रभर चालतो’ असं डीलर म्हणाला असेल, तर हिशेब करून बघा. एक टनाचा एसी हजार ते बाराशे वॉट ओढतो. १०० एएचची (अँपिअर-तास) साधी, म्हणजे लेड-ॲसिडची, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास, आणि त्यातली निम्मीच वापरायची असते. म्हणजे अर्धा तास. २०० एएचची लिथियम असली तरी दोन तासांच्या आसपास. रात्रभर एसी हवा तर बाहेरची वीजच पाहिजे. बॅटरी साधी आहे की लिथियम हे तिच्यावरचं लेबल वाचून ठरवा. साध्या बॅटरीला तासभर विश्रांती देऊन मीटर लावला तर भरलेली १२.७ दाखवते, निम्मी १२.२. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे तिथं मीटर फसवतो. तिला लोड देऊन वेळच मोजावा लागतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी झोपायच्या जागेखाली नुसती ठेवलेली असेल तर चालणार नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, तिला बंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी लागते. गाडीची बॅटरी आणि घराची बॅटरी नुसत्या वायरनं जोडलेल्या असतील तर रात्री दोन्ही उतरतात आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. लिथियम असेल तर ती अल्टरनेटरमधून इतका करंट ओढते की अल्टरनेटरच जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर दिसला पाहिजे, तो दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवतो आणि करंट आवरतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात जाड फ्यूज हवा. तो नसेल तर मागच्या कामाचा दर्जा तिथंच कळला. बाहेरच्या विजेच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच, असेल, त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटकन पडला पाहिजे.

गॅससाठी घरातला १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक पाहिजे. वरच्या खिडकीचा त्याला उपयोग नाही. आई, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघ, घरी बघतेस तसाच. न्हाणीत गॅस गिझर असेल तर तो काढून टाकायच्या अटीवरच पुढं बोला. यावर मी ऐकणार नाही.

इंजिनासाठी ओळखीचा फिटर घेऊन जा, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच सांभाळा की इंजिन पूर्ण थंड असताना पहिल्यांदा सुरू करायचं. तुम्ही पोचलात तेव्हाच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी जा. टायरवर रेघा भरपूर असतील, कारण अशा गाड्या चालतात कमी आणि उभ्या जास्त. टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर कितीही कोरा दिसला तरी रबर कडक झालेलं असतं. सहाच्या सहा नवीन धरूनच किंमत पाडा.

मग पाण्याची टाकी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. शिरोलीच्या बाजूला काटे आहेतच. आरसीवरचं एकूण वजन आणि काट्याची पावती यांची वजाबाकी करा. समजा आरसीवर ३,५०० आहे आणि भरल्या टाकीसह रिकामी गाडी ३,२५० भरली. उरले २५०. तुम्ही दोघं १३०, भांडी, अंथरूण, खुर्च्या, किराणा मिळून ८०. मग एक पाहुणा बसला की गाडी वजनाबाहेर. त्यानं पाटे बसतात, टायर तापतात आणि घाटात ब्रेक कमी पडतात. सपाट जागेवर चारी चाकांच्या कमानींची जमिनीपासून उंची मोजा. डाव्या-उजव्यात दोन सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर टाकी, बॅटरी आणि फ्रिज सगळं एकाच अंगाला बसवलंय.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, तिथं सगळ्याच गाड्या पळतात. वाघबीळवरून पन्हाळ्यावर चढवा. चढताना तापमानाचा काटा आणि क्लचचा वास. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि बघा, ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, पेडल खोल जातं का. आतलं काय काय खडखडतं ते आई मागं बसून ऐकेल. पण मागं म्हणजे बेल्ट असलेल्या सीटवर. चालत्या गाडीत पलंगावर किंवा आडव्या सोफ्यावर बसायचं नाही, कधीच.

पैशांचं थोडक्यात. जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी डीलरच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही. साडेबारा लाखांच्या पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून कोटेशन दिलं असेल तर ते चूक आहे. किंमत दहा लाखांच्या वर असली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच घ्यायचा आयकर, घेतील, तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. डीलरकडे आरटीओचं फॉर्म २९बी हे अधिकारपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी ते लागतं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत, कोऱ्या फॉर्मवर नाही. विम्यासाठी नव्या मालकानं १४ दिवसांत कळवायचं असतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागेल. आतलं फर्निचर, सोलर, बॅटरी यांची वेगळी यादी पॉलिसीत घाला.

मी शनिवारी सकाळी साडेसातपर्यंत पोचते. डीलरला आठ वाजताची वेळ द्या आणि शुक्रवारी संध्याकाळपासून गाडी सुरू करू नका म्हणून सांगा. टपावर चढायला शिडी लागेल, शेजारच्या काकांची अॅल्युमिनियमची मागून ठेवा. आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मात्र आजच पाठवा.

तुमची लेक