वजन कमी केलं तर पाकिटावर तसं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी असतात, कशाचा भाव किती चढला ते कळतं, पण भाव तोच ठेवून पाकिटातला माल कमी केला जातो त्याबद्दल फारसं छापून येत नाही म्हणून हे लिहितोय. बिस्किटं, चिप्स, साबण, टूथपेस्ट, काहीही घ्या, जवळपास सगळ्यातच हे चाललंय. याला आता श्रिंकफ्लेशन असं नाव पण पडलंय.

लोकांना वाटतं थोडंसंच तर कमी झालंय. पण हिशोब करून बघा. १०० ग्रॅमचं पाकीट ९० ग्रॅमचं झालं आणि किंमत तीच राहिली तर भाववाढ १० टक्के नाही, ११ टक्क्यांच्या वर होते, कारण तेवढाच माल घरात आणायला आता जास्त पाकिटं लागतात. ८० ग्रॅम केलं तर सरळ २५ टक्के वाढ. एवढी वाढ किमतीत केली असती तर लोकांनी दुकानातच हात आखडता घेतला असता. किंमत सगळ्यांच्या तोंडपाठ असते, वजन कोणी लक्षात ठेवत नाही, आणि नेमकं तिथेच आपल्याला गाठतात.

बिस्किटाचा पुडा एकदा नीट उघडून बघा, बाहेरून पुडा होता तेवढाच, पण आतला प्लॅस्टिकचा ट्रे दोन्ही बाजूंनी आत घेतलेला असतो आणि टोकाला मोकळी जागा. बरणी उलटी करा, बुडाला आतून खोलगट भाग असतो, त्यामुळे बरणी उंचीला तेवढीच दिसते पण माल कमी मावतो. समोर मोठ्या अक्षरात 'नवीन पॅक' आणि वजन मात्र मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीजवळ, इतक्या बारीक अक्षरात की म्हाताऱ्या माणसाला चष्मा लावून पण वाचता येत नाही. टोब्लेरोन चॉकलेटचं तर जगभर गाजलं होतं, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ४०० ग्रॅमचा बार ३६० वर आणला आणि त्यासाठी त्रिकोणांमधलं अंतरच वाढवलं, लोकांनी खूप आरडाओरडा केला तेव्हा कुठे २०१८ मध्ये त्रिकोणांची जुनी ठेवण परत आली. ब्रिटनच्याच सरकारी सांख्यिकी कार्यालयाने २०१२ ते २०१७ या काळातल्या वस्तू तपासल्या तर २,५२९ वस्तूंचा आकार घटलेला निघाला.

कंपन्या म्हणतात कच्चा माल महाग झाला, वाहतूक महाग झाली. ते खोटं नाहीये. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा खाद्यपदार्थ किंमत निर्देशांक आजवरच्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला होता. पण पुढच्या वर्षभरात तो बराच खाली पण आला, तेव्हा किती पाकिटांचं वजन परत पहिल्यासारखं झालं? एकदा कमी झालेलं वजन सहसा परत येत नाही, उलट तेच नेहमीचं होऊन बसतं आणि थोड्या दिवसांनी जुन्याच वजनाचं पाकीट 'जास्त माल' म्हणून जाहिरात करून विकतात. आणि याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो रोजच्या कमाईवर छोटी पाकिटं घेणाऱ्यांना, कारण छोट्या पाकिटात ग्रॅममागे पैसे अनेकदा आधीच जास्त पडतात, त्यात ते अजून छोटं झालं तर त्यांनी काय करायचं?

किंमत वाढवायची असेल तर वाढवा, निदान ते समोर दिसतं, परवडलं तर घेऊ नाहीतर नाही घेणार. लपवाछपवी नको एवढंच म्हणणं आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा वस्तूंजवळ दोन महिने फलक लावावा लागतो की वजन किती होतं आणि किती केलं. दक्षिण कोरियात पण त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून उत्पादकांना ग्राहकांना तसं कळवणं सक्तीचं झालं. मला यातलं उत्पादकाला जबाबदार धरणं जास्त पटतं, वजन दुकानदाराने थोडंच कमी केलेलं असतं. पाकिटाच्या समोरच्याच बाजूला, किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरात, आधीचं वजन आणि आताचं वजन निदान सहा महिने छापलंच पाहिजे, आणि दुकानात फळीवर किलोमागे किंवा लिटरमागे भाव लिहिलेला असला पाहिजे म्हणजे दोन पाकिटांची तुलना उभ्या उभ्या करता येईल.

तुम्हाला एक विनंती आहे. बाजारभावाचा जो तक्ता तुम्ही छापता त्यात पाकीटबंद वस्तूंचं वजन पण द्या, आधीचं आणि आताचं शेजारी शेजारी. महिन्यातून एकदा दिलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक