वेलगुलाब खाली उतरवण्याविषयी

नागपूरच्या घरी,
तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

पोर्चवरच्या वेलगुलाबाचा निर्णय मी तुम्हांला न विचारता घेतला आहे, तेव्हा आधी पूर्ण वाचा आणि मग रागवा. येत्या रविवारी माळीदादा येऊन गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या फांद्या सोडवतील आणि कुंपणाच्या भिंतीलगत, कमरेच्या उंचीवर ताणलेल्या तारांना त्या आडव्या बांधतील. शिडी नानांना घेऊन जायला सांगितली आहे. ती परत मागवायची नाही.

बाबा, हे केवळ तुमच्या चक्करेमुळे नाही. उभी वाढलेली फांदी बहुतेक शेंड्याकडेच फुलते. तीच आडवी वाकवली की तिच्या डोळ्याडोळ्यातून आखूड फुटवे निघतात आणि त्यांवर घोस लागतात. आजवर आपला गुलाब वाळत घातलेल्या कपड्यांसाठी फुलत होता, आता तो तुम्हांला व्हरांड्यातल्या खुर्चीतून दिसेल.

अलीकडे बहर रोडावला, त्याचे कारणही झाडाचे वय नव्हे. कुंडीतले गुलाब नव्या फुटीवर फुलतात, त्यांना ऑक्टोबरची छाटणी मानवते. हा मात्र वर्षातून एकदाच आणि गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो, त्यामुळे दसऱ्यानंतर त्यालाही कात्री लावली की येणारा बहरच कापला जातो. होळी झाली, फुले ओसरली. आता फक्त जुन्या, तपकिरी फांद्या बुडापासून काढायच्या. पावसाळ्यातले लांब हिरवे शेंडे कोणीही तोडायचे नाहीत. आई, तूसुद्धा नाही, पदर अडकला तरी.

नावाबद्दल थोडे भीतभीतच लिहिते. आपल्या गुलाबाला तुम्ही 'डोरोथी पर्किन्स' म्हणता, पण तो 1901 सालचा गुलाब विचुरायाना या रानगुलाबाच्या वंशातला, म्हणून त्याची पाने लहान आणि चकचकीत असतात. आईने पाठवलेल्या फोटोत आपल्या पानांना ती चकाकी नाही, आणि पानाच्या देठाच्या बुडाशी चिकटलेल्या चिमुकल्या उपपर्णांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या आहेत. ही खूण मल्टिफ्लोरा या दुसऱ्या रानगुलाबाच्या वंशाची. एकाच घोसात गडद गुलाबीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत फुले येतात, हे त्याच वंशातल्या 'सेव्हन सिस्टर्स' या जातीशी जुळते. तरी भिंग घेऊन तुम्हीच पाहा. तुमच्या नजरेवर माझा जास्त विश्वास आहे, आणि पाहुण्यांना काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा.

हा वेल म्हणजे आजीची आठवण, ती जाईल ही भीती मनात आणू नका. पावसाळ्यात एक फांदी मातीत दाबून दाब कलम करून ठेवू. पोर्चची सावली जाईल, म्हणून हिरवी जाळी लावून घेत आहे. कूलरची टाकी भरायला माळीदादांचा मुलगा रोज येईल.

बाबा, माझ्या हातातला काटा सुईने काढताना कळ मला यायची आणि 'आई गं' तुम्ही म्हणायचा, आठवते? आता तुमच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा पाठवलेले चामडी हातमोजे घातल्याशिवाय वेलीला हात लावायचा नाही. पाणी सकाळी आठच्या आत द्यायचे, काळी माती चिकट असेल तर त्या दिवशी द्यायचेच नाही, आणि उन्हाळाभर दुपारी बागेत पाऊल टाकायचे नाही. आई, यावर लक्ष तू ठेव.

तुमची,
चिमी