गुडघा दुखतो तेव्हा पावलाकडे बघा

संपादक महोदय,
स. न.

आपल्या पुरवणीत योगासनांची छायाचित्रे आणि त्याखाली कृती छापून येते. मी योगशिक्षिका आहे आणि ते सदर नेमाने वाचते. उभ्याने करायच्या आसनांत गुडघा दुखतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची माझ्याकडे रोजच गाठ पडते. त्यांतले कितीतरी जण असेच एखादे छायाचित्र पाहून आसन शिकलेले असतात, म्हणून हे पत्र.

'गुडघे ताठ ठेवा' ही सूचना जवळजवळ प्रत्येक कृतीत असते. ताठ म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांचे सांधे मुळातच सैल असतात ते ही सूचना वाचून गुडघा मागे ढकलतात. बाजूने पाहिले तर पाय मागच्या बाजूला वाकलेला स्पष्ट दिसतो. मांडीच्या स्नायूंनी पेलायचा भार मग गुडघ्यामागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर जातो आणि आसन सोडल्यावर गुडघ्याच्या मागे ठणकत राहते. अशा माणसाला गुडघा किंचित सैल सोडून मांडीचा पुढचा स्नायू आवळायला, गुडघ्याची वाटी वर खेचायला सांगावे लागते.

त्रिकोणासनाचे, म्हणजे पाय फाकवून बाजूला वाकायच्या आसनाचे, दुखणे निराळे. माझ्या वर्गातल्या साठीच्या पुढच्या एका बाईंना या आसनात गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ यायची. मी त्यांच्या पायाशी उकिडवी बसून पाहिले. पाऊल अगदी नियमाप्रमाणे बाहेर वळलेले होते, पण गुडघ्याची वाटी अंगठ्याच्याही आत बघत होती. म्हणजे पाऊल वळले होते, मांडी वळलीच नव्हती. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकणारा सांधा. पाय सरळ असताना त्याला पिळायला जवळजवळ वावच नसतो. वळायचे काम खुब्याचे. त्याने ते केले नाही की पीळ गुडघ्यात शिरतो. मी त्यांना दोन पायांतले अंतर कमी करायला लावले, मांडी खुब्यापासून बाहेर फिरवायला सांगितली, हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर ठेवायला दिला. वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत आली आणि कळ तिथेच ओसरली.

वीरभद्रासनात, म्हणजे एक पाय पुढे टाकून त्याचा गुडघा वाकवायच्या आसनात, हा पुढचा गुडघा आत कोसळतो तेव्हाही वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा हाच नियम लागू पडतो. मागच्या पायाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. छातीसकट कंबर पूर्ण समोर वळवायची आणि मागचे पाऊल मात्र आडवे दाबून धरायचे, यात मागचा गुडघा पिळला जातो. पाऊल आणखी पुढे वळवावे, नाहीतर टाच सरळ उचलून भिंतीला टेकवावी. उत्कटासनात, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहताना, वाटीच्या आसपास दुखत असेल, तर कमी खाली बसावे. गुडघा जितका जास्त वाकतो तितका वाटीमागचा दाब वाढतो.

वृक्षासनाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. वर घेतलेल्या पायाचा तळवा उभ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवलेली छायाचित्रे सर्रास दिसतात. गुडघा असा बाजूने दाबू नये. तळवा मांडीपर्यंत जात नसेल तर पोटरीवर ठेवावा. तेही जमत नसेल तर अंगठा जमिनीवर राहू द्यावा आणि टाच घोट्याला लावावी. तेही वृक्षासनच आहे.

'थोडे सहन करा, हळूहळू सवय होईल' हे वाक्य ऐकले की मला राग येतो. मांडीच्या मधोमध येणारा ताण आणि सांध्याच्या आत टोचणारी कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताण चालेल, सांध्यातल्या कळेला त्याच क्षणी आसनातून बाहेर यावे. पण म्हणून सरावच सोडून देणे हेही नुकसानीचे. गुडघ्याची झीज झालेल्यांनाही मांडीचे स्नायू बळकट करायला तज्ज्ञ सांगतातच; आसनाचे रूप तेवढे बदलून घ्यावे लागते. गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकू लागला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होऊ लागली, तर मात्र माझ्यासारख्या शिक्षिकेला विचारत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्याला विनंती एवढीच, की उभ्या आसनाचे छायाचित्र छापताना पावले कापू नयेत. पानावर जागा कमी पडली की छायाचित्र नेमके घोट्यावर कापले जाते आणि वाचकाला बघायला हवे ते सगळे नाहीसे होते. जमल्यास शेजारी खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊन केलेले तेच आसनही द्यावे, आणि त्यासाठी एखाद्या लवचीक तरुणीऐवजी गुडघ्यांची कुरकुर असलेली साठीची व्यक्ती उभी करावी. हे सदर वाचून घरी एकट्याने आसने करणारे बहुतेक त्याच वयाचे असतात.

आपली,
एक वाचक, योगशिक्षिका