१.४९ ऐवजी १.३० चे ऑब्जेक्टिव्ह पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक

विषय : टर्फ सूक्ष्मदर्शकाचे चुकीचे ऑब्जेक्टिव्ह बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या सांगलीच्या महाविद्यालयात जूनमध्ये तुमच्याकडून टर्फ सूक्ष्मदर्शक, म्हणजे काचेलगतचा पातळ थर तेवढा उजळून दाखवणारा, घेतला. पर्चेस ऑर्डरमध्ये त्याचे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) १००एक्स म्हणजे शंभरपट, ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब लावून वापरायचे), न्यूमेरिकल ॲपर्चर (भिंग किती तिरपे किरण पेलते त्याचे माप) १.४९ असे स्पष्ट लिहिले होते. आले ते १.३० चे. चलनावर मात्र १.४९ छापले आहे!

हे आम्हाला कळायला तीन आठवडे गेले. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची पेशीभित्तिका विणणाऱ्या प्रथिनाचा एकेक रेणू जिवंत पेशीत कसा सरकतो, ते आमच्या विद्यार्थिनीला पाहायचे आहे. आपल्याकडे हळदीच्या वावरातल्या मातीतही हा जिवाणू असतो, म्हणून तिला त्याची विशेष ओढ. पडद्यावर चमकत्या रेणूंचे सुटे ठिपके दिसायला हवे होते, तिथे नुसते हिरवे धुके. आपलेच चुकतेय असे समजून तिने कव्हरस्लिपा पुन्हा पुन्हा धुतल्या, मूळ माध्यम स्वतःच चमकते म्हणून साधे माध्यम बनवले, मिरजेच्या शेवटच्या बसपर्यंत थांबली. अखेर ऑब्जेक्टिव्हच्या कड्यावर कोरलेला आकडा तिनेच वाचला. त्या पोरीचे ते तीन आठवडे मला फार लागले आहेत.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, "मॅडम, दोन्ही शंभरचीच आहेत, तिरप्या प्रकाशावर भागवा." नाही भागत. काचेतून पाण्याकडे निघालेला किरण पूर्ण परत फिरायला सुमारे ६१ अंशांचा कोन लागतो, १.३० चे ऑब्जेक्टिव्ह ५९ च्या पुढे जात नाही. मग काचेलगतचा शंभर-दोनशे नॅनोमीटरचा थर तेवढा उजळण्याऐवजी अख्खा जिवाणू आणि वरचे पाणीही उजळते. एका रेणूचा मिणमिणता प्रकाश त्यात बुडतो, आणि तो रेणू काही सेकंदांत कायमचा विझतो. १९८९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मोर्नर यांनी एकटा रेणू प्रकाशाने ओळखला तो द्रव हेलियमच्या थंडीत, स्फटिकात. आज ते काम जिवंत पेशीत जमते, त्याचे एक मोठे कारण म्हणजे मागचा उजेड असा दाबता येतो. आम्ही पैसे त्यासाठीच मोजले.

पंधरा दिवसांत १.४९ चे ऑब्जेक्टिव्ह तुमच्या खर्चाने पाठवावे, इंजिनिअरने सांगलीत येऊन लेझरची जुळणी करून द्यावी आणि वॉरंटी त्या दिवसापासून धरावी. तोवर उरलेले बिल दिले जाणार नाही. पार्सल निघण्याआधी कड्यावरच्या आकड्याचा फोटो पाठवा. आमच्याकडच्या ऑब्जेक्टिव्हचा फोटो आणि चलनाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
विभागप्रमुख, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग
सांगली